आत स्वप्निल आहे

चिखले,
सोमवार, ५ फेब्रुवारी २०१८

चि. सौ. हेमालीस,

खोका पोचला. उमेशने दुरुस्त करून तलासरीहून एस.टी.त घातलेला, यांनी डहाणूला उतरवून घेतला. आत कॉम्प्युटरचा डबा एक, स्क्रीन एक, कीबोर्ड एक, वायरींचं गुंडाळं, आणि पेपरच्या बोळ्यात तुझी चिठ्ठी. पार्सलचे ऐंशी गेले, रिक्षाचे दीडशे, परतीचं भाडंही लावलं मेल्याने. जळलेला पॉवरचा डबा बदलला त्याचे नऊशे उमेशने लिहिलेत, ते मनीऑर्डरने पाठवते. तुझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान, त्याने आमचा खर्च का सोसावा?

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर नुसतं हं हं करतेस. म्हणून टपाल.

चिठ्ठी वाचली. तुला कोसबाडचं स्थळ आलंय, मुलाचं नाव नविन, पहिली बायको आजाराने गेलेली, पगारी नोकरी, माणूस शांत. हे तू लिहावंस आणि मी चष्मा लावून वाचावं, हेही नशिबात होतं. आणि शेवटी लिहिलंस की स्वप्निलचं कार्य झाल्याशिवाय ते लोक पुढे बोलणार नाहीत, तर पाडव्याच्या आत उरकून टाका. 'उरकून टाका' हे तुझं की उमेशचं?

माझं म्हणणं तुला माहीत आहे. दर्याने ज्याचा देह परत दिला नाही त्याला मी आपल्या तोंडाने मेला कसं म्हणू? दर्भाचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं लावायचं, आणि त्याला माझ्या मुलाचं नाव देऊन जाळायचं. मी नऊ महिने दर्भ वाढवला नव्हता पोटात.

देवीच्या मनात असेल तसं होईल. तब्येतीला जप.

वेणू


चिखले,
बुधवार, १४ फेब्रुवारी २०१८

चि. सौ. हेमालीस,

आज महाशिवरात्रीचा उपास सोडला आणि लगेच लिहायला बसले. तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

काल तिन्हीसांजेला दिवा लावला आणि मग ते मशीन लावलं. नऊशे रुपये घातलेली वस्तू चादरीखाली झाकून ठेवणं जिवाला पटेना. सोसायटीच्या ऑफिसातून मोडीत निघालेलं ते, स्वप्निलने आणलं तो दिवस आठवतो ना? चित्रं नाहीत, रंग नाहीत, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मी म्हटलं, "हा कसला कॉम्प्युटर? बिघडलेला टीव्ही आणलास." तर म्हणाला, "आई, चित्रं दाखवायला अंगात ताकद लागते. हा म्हातारा आहे. ह्याला फक्त लिहायला सांगायचं." लिहायचा प्रोग्रॅम तो नॅनो. नाव ऐकून मला वाटलं पोरगा ती छोटी गाडी घ्यायला निघाला. किती हसलात दोघं मला.

पण सोपं होतं ते. मी अजून विसरले नाही. तळाला दोन ओळींत सगळं लिहिलेलंच असतं. अक्षराच्या अलीकडे टोपीसारखी खूण दिसली की कंट्रोल धरायचं. टोपी ओ म्हणजे ठेवून दे, टोपी एक्स म्हणजे बाहेर ये, टोपी के म्हणजे ओळ काप. "पाठ काही करू नकोस, अडलीस तर खाली बघ," म्हणायचा. भाषा आपलीच, फक्त अक्षरं इंग्रजी. माझ्यासारख्या दहावी झालेल्या बाईला पुरे.

आणि पडद्यावरच्या आपल्या तीन खोल्या. आल्ट धरून एफ-वन दाबलं की त्याची, एफ-टू तुझी, एफ-थ्री माझी. 'घर' ही हिशेबाची फाइल मात्र तिघांची मिळून. मी माझ्या खोलीत घर उघडं टाकून बाजारात गेले होते, तेवढ्यात तू तुझ्या खोलीतून त्यात लिहिलंस, मी येऊन माझं ठेवून दिलं आणि तुझं सगळं पुसलं गेलं. केवढं भांडलो. तू म्हणालीस आईंनी मुद्दाम केलं. मी म्हटलं सुनेने विचारून लिहावं. त्यावर त्याने मशीनला एक ओळ शिकवली. म्हणाला, "न्हाणीचं दार ढकलायच्या आधी विचारता ना, आत कोण आहे? आता हे मशीन विचारील. कोणी आत असेल तर नाव सांगेल. मग भांडा खुशाल."

काल मी माझं नाव टाकलं. पासवर्ड टाकला. तो टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही, देवापुढे मनात बोलल्यासारखं. मग नॅनो घर, आणि एंटर.

हेमाली, त्याने नाव सांगितलं.

खालच्या पांढऱ्या पट्टीवर, काळ्या अक्षरांत. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. ही फाइल स्वप्निल लिहितो आहे, पुढे जायचं का? लिहीत होता असं नाही. लिहितो आहे. आणि खाली वाय, हो म्हणायला. एन, नाही म्हणायला.

त्या दिवशीचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. नवरात्र होतं. तो तिथेच खुर्चीत बसून टाइप करत होता. आपल्या होडीवरचा धाकल्या धावत आला, "आभाळ भरलं रं, जाळं काढाया पायजे." स्वप्निल उठला, चपलासुद्धा घातल्या नाहीत, आणि दारातून म्हणाला, "आई, बंद करू नको. अर्धंच झालंय, येतोच." मी बंद केलं नाही. वीज कडाडली तेव्हा मशीनमधून जळका वास आला, तेव्हासुद्धा मी हात लावला नाही. धाकल्या रिकामा कॅन धरून किनाऱ्याला लागला. आपला आला नाही.

मी एन दाबलं आणि बाहेर आले.

आता तूच सांग. जो माझ्या घरात बसून लिहितो आहे त्याला मी पाडव्याच्या आत कसा जाळू?

वेणू


चिखले,
शुक्रवार, २३ फेब्रुवारी २०१८

चि. सौ. हेमालीस,

तुझं पत्र आलं. किती शहाण्यासारखं लिहिलंस! "आई, ते नुसतं कुलूप आहे. फाइल उघडली की मशीन शेजारी एक लपलेली चिठ्ठी ठेवतं, त्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. नीट बाहेर आलं की ती चिठ्ठी ते स्वतःच फाडतं. त्या दिवशी वीज गेली, फाडायला मिळालं नाही. वाय दाबा. काही होत नाही."

काही होत नाही कसं? पुढच्याच ओळीत तू लिहिलंस की वाय दाबलं की त्याचं नाव जाऊन तिथे माझं येतं आणि मी बाहेर आले की तेही जातं. म्हणजे होतं की. परत कधी ते मशीन त्याचं नाव घेणार नाही. यालाच काही होत नाही म्हणायचं?

आणि लिहितेस की मला सौ. लिहू नका, पोस्टमन दुकानात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचतो. वाचू दे. मी ते लिहिणार. त्याच्यासाठीच तर गेल्या वटपौर्णिमेला तुला हिरव्या बांगड्या भरून वडाला नेलं. तू सूत गुंडाळलंस, एक शब्द बोलली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तलासरीला गेलीस. बायका विचारतात, सून कुठे. मी म्हणते माहेरी. बाळंतपणाला गेल्यासारखं सांगते.

मी आता रोज दिवा लावला की त्याच्याकडे जाते. त्या खुर्चीत बसत नाही, उभ्यानेच टाइप करते. नाव येतं, डोळे भरून बघते, एन दाबते. मग कोरं पान येतं आणि त्यात ती एक पांढरी चौकट लुकलुकत राहते. कोणी बोलायला तोंड उघडावं आणि मग थांबावं, तशी. मी बोलते तिच्याशी. आज भात लागला. आज बाजारात बोंबलाला भाव नव्हता. ती ऐकते. मग टोपी एक्स.

शेजारच्या सुकीने पाहिलं आणि आळीभर केलं. आता बायका दिव्याच्या वेळेला दारात येतात. कोणी कीबोर्डवर फूल ठेवलं, जास्वंदीचं, त्याचा रस बटणांत गेला, मी ओरडले. सुकीचं तोंड तुला माहीत आहे. म्हणते, "बाय, वायरीतून जेवाण जातंय का त्याला?" आणि काल म्हणाली, "आत बसून काय करतोय रं येवढा? बाहेर ये म्हणावं, आईचं पाणी भरायचंय." बायका हसल्या. पण हसता हसता दोघींनी हात जोडले. मी कोणाला अडवलं नाही. खरं लिहायचं तर बरंही वाटलं. दीड वर्षात कोणी त्याचं नाव वर्तमानकाळात घेतलं नव्हतं.

हे मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. ओट्यावर जाळं घेऊन बसतात आणि फाटलेलं नसलं तरी शिवतात.

कोसबाडवाल्यांना सांग, आमच्याकडे अजून माणूस आहे.

वेणू


चिखले,
रविवार, ४ मार्च २०१८

चि. सौ. हेमालीस,

होळी झाली. आळीत नाच-गाणं झालं, मी नैवेद्य दाखवून परत आले. तुझं उत्तर नाही आलं. मागच्या पत्रात मी लिहिलं तसं कोणी लिहिलं असतं तर मीही दिलं नसतं.

काल रूपी आली. तुला ती फारशी माहीत नसेल, खाडीच्या बाजूची. तिचा नवरा तुक्या, तुझं लग्न व्हायच्या आधीच्या तुफानात गेला. त्याचाही देह मिळाला नव्हता. तिने वर्षाच्या आत पुतळा केला तेव्हा मीच तिला घाई झाली म्हणून नावं ठेवली होती.

बायका गेल्या तरी ती दाराशी थांबून राहिली. पदराच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं, ते सोडलं. दोन केळी आणि अगरबत्ती. म्हणाली, "वेणू, तुक्याचं नाव घालून बघ ना."

मी म्हटलं, "अगं, त्याने ह्या मशीनला कधी बोट लावलं नव्हतं."

"ते मला कळतं. पण तुझा पोरगा हाय ना आत. तो त्याला इचारील. दर्यात गेलेले सगळे एकाच गावचे."

तिच्या तोंडाकडे मला बघवेना. ती चेष्टा करत नव्हती. हात धुऊन आली होती. मी नाव टाइप केलं असतं तर मशीनने कोरं पान दिलं असतं, आणि तिने ते काय समजून घरी नेलं असतं, देव जाणे. मी म्हटलं, "रूपी, इथे जो बसला होता त्याचंच नाव हे सांगतं. तो उठून गेला हे ह्याला कळलेलंच नाही."

बोलून गेले आणि माझ्याच कानांनी ऐकलं.

रूपी केळी परत बांधू लागली. मला राग आला, तिचा नाही, कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, "तू तर पुतळा जाळलास ना तुक्याचा? भटजीकडून सगळं केलंस. मग अजून काय विचारत फिरतेस?"

"जाळला म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "भरतीला अजून दाराला कडी नाय लावत मी. वाट बघायची ती बघतेच. पण तो जाळला म्हणून पोरीला सोयरीक आली. वाट माझी हाय, बाय. ती पोरीच्या गळ्यात कशाला बांधू?"

ती गेल्यावर मी मशीन लावलंच नाही. जेवायला वाढलं तेव्हा यांना सांगितलं. हे कधी बोलत नाहीत ते तुला माहीत आहे. तू घर सोडलंस त्या दिवशीसुद्धा नुसते एस.टी.पर्यंत तुझी पिशवी घेऊन आले होते. काल घास हातात धरून बोलले.

"मी रोज त्याच पाण्यावरून जातो. तिथेच जाळं टाकतो, मासा येतो तो तू विकतेस, त्याचं पीठमीठ आणतेस. तू त्या पेटीला विचारतेस आत कोण आहे. मला विचार की एकदा."

मी विचारलं नाही. माझ्याने विचारवलं नाही. भाताचं पातेलं उचलून आत गेले.

कोसबाडला अजून हो-नाही काही कळवू नकोस. माझं पत्र येईपर्यंत थांब. हे मी तुला सांगत नाही, विनवते.

वेणू


चिखले,
गुरुवार, ८ मार्च २०१८

चि. हेमालीस,

मंगळवारी महालक्ष्मीला जाऊन आले. जत्रेला अजून अवकाश आहे, देऊळ शांत होतं. ओटी भरली. दर वेळेला मागते ते या वेळी मागितलं नाही. पुजारीण म्हणाली, "काय बोललात नाय देवीशी?" मी म्हटलं, "तिला बोलू दे."

काल दुपारी लख्ख उन्हात खोलीची खिडकी उघडली. हे नुकतेच बंदरावरून आले होते, हात ओलेच होते. मी म्हटलं, "या." ते दारात उभे राहिले. मी खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. बसल्यावर कळलं, त्याने ती उंच करून ठेवलेली होती, माझे पाय जमिनीला टेकेनात.

नाव, पासवर्ड, नॅनो घर.

आलं. स्वप्निल लिहितो आहे, पुढे जायचं का?

मी खूप वेळ बघितलं. लुकलुकणारी चौकट त्या प्रश्नाच्या शेवटी उभी होती. मी म्हटलं, "बाळा, आई आहे. दार उघडते." मोठ्याने म्हटलं, यांच्यापुढे. आणि वाय दाबलं.

उघडलं, हेमाली. एका झटक्यात, कुरकुर नाही काही नाही. आपलं घर. माझं दूध आणि रॉकेल. तुझे बी.ए.च्या फॉर्मचे पैसे. त्याचं डिझेल, बर्फ, धाकल्याला उचल. तुझ्या ओळीनंतर तू नेहमी एक रिकामी ओळ सोडायचीस, तशा सोडलेल्या. मी टोपी व्ही, टोपी व्ही करत खाली खाली गेले. अर्धंच झालंय म्हणाला होता ना. मला वाटत होतं, ते अर्धं तरी असेल.

शेवटची ओळ माझीच निघाली. आदल्या दिवशीची, देवीच्या हाराची.

त्याचं काही नव्हतं. त्याने टोपी ओ दाबलंच नव्हतं, दाबायच्या आधी उठला. जे लिहिलं होतं ते विजेबरोबर गेलं. नाव तेवढं राहिलं होतं दारावर, आत कोणी नव्हतं.

यांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

"काही नाही."

"काहीच?"

"काहीच."

मग ते आत आले. दीड वर्षात पहिल्यांदा. माझ्या मागे उभे राहून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, शेवटच्या ओळीच्या खाली, जिथे काही नव्हतं तिथे. माशाच्या पाण्याचा ओला ठसा उठला. मी पुसला नाही. रडलो दोघं. तुला लिहिते आहे, आळीत सांगितलेलं नाही.

त्या ठशाखाली मी लिहिलं: स्वप्निलचे कार्य, फाल्गुन अमावास्या, शनिवार. टोपी ओ, एंटर, टोपी एक्स. मग पुन्हा एकदा नॅनो घर केलं, बघायला. घर सरळ उघडलं. कोणी विचारलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. मला भीती होती की मग घर रिकामं वाटेल. वाटतं. त्याला इलाज नाही. संध्याकाळी दिवा लावून पाय आपोआप त्या खोलीकडे वळले, मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि परत फिरले.

तू म्हणशील की मग रूपीसारखं करणार का, भरतीला कडी उघडी ठेवणार का. हो, ठेवीन बहुतेक. पण ते माझं मी बघेन.

उमेशला सांग, कोसबाडच्या लोकांना सरळ होकार द्यायचा असेल तर द्यावा, आमच्याकडून अडणार नाही. त्या नविनला मी पाहिलेलं नाही. शांत आहे म्हणतेस, पण शांत माणसाला बोलतं करायला शीक, मला तीस वर्षांत जमलं नाही. लग्नाला मला बोलावू नकोस, मी यायची नाही, आणि न आल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कार्याला यावं की न यावं तेही तू ठरव. पुतळ्याला अग्नी हे देणार. किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी.

एक काम मात्र तुझ्यावाचून अडलं आहे. पुतळ्याच्या अंगावर त्याचेच कपडे घालायचे असतात. सकाळपासून कपाट उघडून बसले आहे. निळा चौकटीचा आहे, पांढरा आहे, तो बिनकॉलरचा चॉकलेटी आहे. मी आई, मला तो सगळ्यांत सारखाच दिसायचा. कुठला अंगात घातला की आरशापुढून हलायचा नाही, ते मला ठाऊक नाही, तुला ठाऊक असणार. मी चुकीचा घातला तर त्याला सांगताही यायचं नाही.

भटजी पुढच्या गुरुवारी दर्भ घेऊन येणार आहेत. त्याच्या आत पोचेल अशा बेताने, उलट टपाली, कुठला शर्ट ते लिही.

वेणू